भग्न पार्थेनॉन पाहावा तो फ्रेडरिक चर्च यांच्या चित्रात

महोदय,

न्यूयॉर्क परिसरात मुलांकडे जाणाऱ्या मराठी आईवडिलांना एक आग्रहाची विनंती. तिथल्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात गेलात, तर अमेरिकन चित्रकार फ्रेडरिक चर्च यांचे १८७१ मधील ‘पार्थेनॉन’ हे अथेन्सच्या प्राचीन ग्रीक मंदिराचे चित्र अवश्य पाहा. चर्च १८६९ मध्ये अथेन्सला गेले, भग्न मंदिरासमोर बसून त्यांनी अभ्यासचित्रे केली आणि मायदेशी परतल्यावर सुमारे सहा फूट रुंदीचे हे तैलचित्र रंगवले. पुढचा भाग सावलीत, दगडांच्या राशी पडलेल्या आणि मागे उन्हात उजळलेले खांब. हे मंदिर अथेन्सजवळच्या पेंटेलिकॉन डोंगरातल्या संगमरवराचे आहे; त्या संगमरवरात लोहाचा अंश असल्याने त्यावर कालांतराने मधासारखी झाक येते. चर्च यांनी ती नेमकी टिपली आहे. निव्वळ पांढरा पार्थेनॉन रंगवणाऱ्यांपेक्षा मला ते म्हणूनच मोठे वाटतात.

मंदिर कोसळले ते काही केवळ काळामुळे नव्हे. १६८७ मध्ये व्हेनिसच्या तोफगोळ्याने आतला तुर्की दारूसाठा उडाला. पुढे ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिन यांनी तिथली शिल्पे इंग्लंडला नेली, ती आजही लंडनमध्येच आहेत. ती अथेन्सला परत गेलीच पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे.

– एक कलाप्रेमी वाचक, पुणे