शून्य ओळींचा आनंद

महोदय,

रविवारच्या पुरवणीत नव्या प्रोग्रामरांसाठी आलेला एसक्यूएलवरचा (डेटाबेसकडून माहिती मागवायच्या भाषेवरचा) लेख वाचला. सबक्वेरीसाठी (एका क्वेरीच्या, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाच्या, आतली दुसरी क्वेरी) 'इन' (किंमत यादीत आहे का) वापरू नका, 'एक्झिस्ट्स' (जुळणारी ओळ आहे का) वापरा, ते जलद चालते, असे लेखकाने ठोकून दिले आहे. माझी २२ वर्षे डेटाबेस सांभाळण्यात गेली, त्यामुळे राहवले नाही.

हा सल्ला शिळा झाला आहे. जुने मायएसक्यूएल हे डेटाबेस सॉफ्टवेअर 'इन'मधली आतली क्वेरी बाहेरच्या एकेका ओळीसाठी पुन्हा पुन्हा चालवत बसायचे. २०१३ साली ५.६ आवृत्तीत सेमी-जॉइन (दोन टेबले जोडून फक्त जुळणी आहे का एवढेच बघण्याची पद्धत) आला आणि ते दुखणे बरेचसे गेले. आज ओरॅकल किंवा पोस्टग्रेस या डेटाबेसांमध्ये साधे 'इन' आणि त्याच अर्थाचे 'एक्झिस्ट्स' यांचे प्लॅन (डेटाबेस क्वेरी कशी चालवणार त्याचे आराखडे) काढून पाहा, बहुतेक वेळा सारखेच निघतील. मग वाचायला जे सोपे ते लिहावे.

खरा घोळ होतो 'नॉट इन'पाशी, आणि त्या धोक्याबद्दल लेखात चकार शब्द नाही. मी एका गोदामाच्या हिशेबाचे काम पाहत होते. वर्षभरात एकदाही न विकला गेलेला माल शोधायचा होता, म्हणजे मालाच्या टेबलमधले असे कोड, जे बिलांच्या ओळींत कुठेच नाहीत. मी 'नॉट इन' लिहिले. उत्तर आले, शून्य ओळी. साहेब खूश, पडून राहिलेला माल नाहीच! मलाही शंका आली नाही, हे कबूल करते. दोन महिन्यांनी एका सहकाऱ्याने धुळीने माखलेला खोका माझ्या टेबलावर आणून आदळला आणि म्हणाला, "हा कधी विकला गेला ते दाखव."

बिलांमध्ये एक ओळ वाहतूक खर्चाची होती. वाहतुकीला मालाचा कोड कुठला असणार? तो रकाना नल, म्हणजे किंमतच नसलेला. 'नॉट इन' म्हणजे हा कोड पहिल्याहून वेगळा आहे, आणि दुसऱ्याहून, आणि नलहूनही. नलशी तुलना केली की उत्तर 'हो' नसते, 'नाही'ही नसते, तर 'माहीत नाही' असते. आणि 'माहीत नाही' असे उत्तर आलेली ओळ 'व्हेअर' (क्वेरीतली अट) पुढे सोडत नाही. त्या एका नलपायी सगळा माल अडला. 'नॉट एक्झिस्ट्स' तुलनेच्या उत्तरावर अडून बसत नाही, जुळणारी ओळ सापडली की नाही एवढेच बघते. ते लिहिल्यावर १३७ कोड बाहेर आले.

'नॉट इन' म्हणजेच असमानच्या चिन्हापुढे 'ऑल' (यादीतल्या सगळ्यांशी तुलना). पुष्कळजण तिथे 'एनी' (कुठल्याही एकाशी जमले तरी पुरे) लिहून मोकळे होतात. यादीत १० आणि २० असतील, तर १० हा २०हून वेगळा आहेच, म्हणून १० सुद्धा पास! तसेच 'ऑल'पेक्षा मोठा आणि 'मॅक्स'पेक्षा (यादीतल्या सर्वात मोठ्या किमतीपेक्षा) मोठा हे एकच समजू नये. आतली क्वेरी रिकामी निघाली तर 'ऑल' सगळ्या ओळी देते, 'मॅक्स' एकही देत नाही. आत एखादा नल असेल तर 'मॅक्स' त्याच्याकडे काणाडोळा करते, 'ऑल'मधून मात्र काहीच बाहेर येत नाही.

'एक्झिस्ट्स'मध्ये तारा (*, म्हणजे सगळे रकाने) न लिहिता 'सिलेक्ट १' लिहिले की वेळ वाचतो, असेही लेखात आहे. आतले रकाने वाचायचेच नसतात, तेव्हा काहीही लिहा, फरक पडत नाही. ही चूक निरुपद्रवी, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण 'इन' नको म्हणणाऱ्या या लेखातच शेवटचे उदाहरण 'नॉट इन'चे आहे, आणि त्याच्या वर छापलेल्या टेबलमध्ये तोच रकाना नल चालणारा दाखवला आहे. त्याची तेवढी दुरुस्ती पुढच्या रविवारी छापावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त डेटाबेस प्रशासक