कंडक्टरकाका, लेकरांच्या उन्हाळ्याबद्दल

आदरणीय काका,

सा. नमस्कार.

शाळा सुरू झाल्या, वह्या-दप्तरांची धावपळ ओसरली, तेव्हा कुठं लिहायला बसले. समोर येऊन आभार मानले असते तर "बस झालं माय, चहा घे" म्हणून तुम्ही विषयच मोडला असता. म्हणून हे चारचौघांत लिहिते.

एप्रिल सरता सरता आमच्या घरात दोन तट पडले होते. ह्यांचं म्हणणं, पोरगी आठवीत जाणार, तिला सुट्टीतच शिकवणीच्या फाउंडेशन बॅचला टाकू. लातुरात राहून असं न वाटणं अवघडच. आमच्या गल्लीतल्या कितीतरी लेकरांची सुट्टी निकालाच्या दिवशीच संपते. सासूबाई म्हणायच्या, हुंदडू द्या की. पण हुंदडायचं कुठं? माहेरच्या विहिरीनं कधीच तळ गाठलाय, भाऊ पुण्याला, आम्ही दोघं दिवसभर कामावर, आणि बाहेर बेचाळीस अंशांचं ऊन. मोकळं सोडलं की लेकरू मोबाईलला चिकटणार, हे ठरलेलं.

तुम्ही एवढंच म्हणालात, "माझ्याकडं सोडा. तीन टायमं सांगतो, तेवढी पाळायची." सकाळी सहाला पाणी भरायला हजर, बारा ते चार उंबऱ्याच्या आत, दिवेलागणीला आपापल्या घरी. मधे काय करायचं ते लेकरांचं लेकरांनी बघायचं. एसटीत उभी हयात गेलेल्या माणसाचा हिशेब तो! गाडी सुटायची वेळ पक्की. आत बसून प्रवासी झोपतो का भांडतो, ते कंडक्टर विचारत नाही.

सुरुवातीला मी दुपारी फोन करायची, "काका, लेकरं काय करायलेत?" तुमचं उत्तर, "काही नाही. बसलेत. बसू द्या." कंटाळा आला म्हणून गळा काढणाऱ्या लेकराला तुम्ही एकदाही खेळ सुचवला नाही. माझ्यानं ते झालं नसतं. मी लगेच रंगपेटी काढून दिली असती. तुमच्या माळवदाच्या गार खोलीत कंटाळून कंटाळून शेवटी त्यांना तुमची जुनी तिकिटाची पेटी आणि चिमटा सापडला, आणि बाजेवर लातूर-उदगीर गाडी सुरू झाली. सुट्ट्या पैशांवरून त्या गाडीत जी भांडणं झाली म्हणे, ती खऱ्या गाडीतही होत नसतील.

आंब्याच्या आढीचं काम मात्र तुम्ही सक्तीचं ठेवलंत. पाणी भरून झालं की मागच्या खोलीत जायचं, पाचट अलगद बाजूला करायचं आणि एकेक केशर उचलून देठापाशी हुंगायचा. दाबायचा नाही, दाबला की तिथं काळा पडतो. पिकलेले पाटीत, डाग पडलेले आजच खायचे, नासके उकिरड्यावर. धाकटा आता बाजारात आंबेवाल्यासमोर देठ हुंगत उभा राहतो. मला लाज वाटते, पण आंबे गोड निघतात.

पाण्याच्या रांगेत तुम्ही 2016 च्या दुष्काळाची गोष्ट सांगितलीत. शहरात पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लागली होती आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. धाकट्याचा जन्मच झाला नव्हता तेव्हा. पहिल्या खेपेला 10 वाघिणी, म्हणजे पाण्याचे डबे, एकेकीत 50 हजार लिटर. पोरीनं कोळशानं भिंतीवर हिशेब मांडला: पाच लाख लिटर, म्हणजे वीस लिटरच्या पंचवीस हजार बादल्या. शहराची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत पावणेचार लाखांवर, तेव्हा माणशी सव्वा-दीड लिटर. त्या दिवसापासून घरी तांब्या उपडा करून पाणी फेकणं बंद झालंय. मी वर्षभर ओरडत होते, तेव्हा ऐकलं नव्हतं.

आणि खरोसा! लेण्या बघायला जायचं लेकरांनीच ठरवलं. पहिली गाडी कोणती, औशात बदलायची का, उन्हाच्या आत परत कसं यायचं, हे सगळं त्यांनीच स्टँडवर जाऊन विचारून आणलं. तुम्ही फक्त सोबत गेलात. पंचाहत्तरीच्या वरचे म्हणून तुमचं तिकीट माफ, बाई म्हणून पोरीचं अर्धं, बाराच्या आतला म्हणून धाकट्याचं अर्धं. दोन अर्ध्यांचं मिळून तिघांचं एकच तिकीट झालं, हे सांगताना धाकट्याचा चेहरा बघायला हवा होता.

बॅच जूनपासून लावली. ह्यांचा हट्ट होता आणि पोरीचीही ना नव्हती. सुट्टी मात्र तिची तिला मिळाली, ती तुमच्यामुळं.

दिवाळीत औंढा नागनाथला जायचं म्हणून बहीण-भावानं आत्ताच गाड्या शोधायला घेतल्यात. परभणीमार्गे जायचं का नांदेडमार्गे, यावरून रोज जुंपते. रविवारी निवाड्याला तुमच्याकडं येतील. ह्यांनाही यायचंय म्हणे. त्यांचं पूर्ण तिकीट काढा.

तुमची,
शेजारची सून