निपाणीचा सूर्य आणि देवळातला बोर्ड

बेळगाव, शनिवार

प्रिय दत्तू,

निपाणीच्या देवळातल्या बोर्डावर तुझ्या प्रोग्रामचा सूर्योदय अर्धा तास आधीचा दिसायलाय म्हणून तू उत्तरात सरळ तीस मिनिटं मिळवलीस? आधी ती काढ बघू. अर्ध्या तासाच्या चुकीला दोन कारणं असतात आणि दिसायला ती जुळी भावंडं. टाइमझोनचा साडेपाच (आपण जागतिक वेळेच्या इतके तास पुढे) पूर्णांकात साठवला की पाच होतो, तीस मिनिटं गेली. दुसरं, आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं आणि निपाणी ७४.४ च्या आसपास. अंशाला चार मिनिटं धरली तर सूर्य आपल्याकडे साडेबत्तीस मिनिटं उशिरा येतो. चूक ही असली तर तुझे तीस मिळवूनही अडीच मिनिटं कमीच.

म्हणून नुसत्या सूर्योदयाकडे बघू नकोस, सूर्योदय-सूर्यास्ताचा मध्य काढ. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो १२:१६ च्या आणि फेब्रुवारीच्या मध्याला १२:४७ च्या जवळपास यायला हवा. दोन्हीकडे सारखाच फरक असला तर टाइमझोन नाहीतर रेखांश. फरक ऋतूप्रमाणे बदलत असला तर काल-समीकरण बघ, म्हणजे सूर्याची वेळ आणि घड्याळाची वेळ यांतला वर्षभर बदलणारा फरक. बहुतेक अंश आणि रेडियन (कोन मोजायचं दुसरं एकक) यांचाच घोळ निघतो. (काही जुन्या सूत्रांत पश्चिम रेखांश धन धरतात. त्यात आपला पूर्व रेखांश तसाच घातला तर ती चूक लपत नाही, सूर्य दुपारी चार-पाचला उगवतो!)

मध्य जुळला आणि दिवसच लहान-मोठा येत असला तर अक्षांश किंवा सूर्याची क्रांती (तो विषुववृत्ताच्या किती उत्तरेला-दक्षिणेला आहे) तपास. २० मार्चच्या सुमारास निपाणीत दिवस १२ तास ७ मिनिटांचा असतो. तुझा बरोबर बारा तासांचा आला, तर क्षितिजाखालचे ०.८३३ अंश, म्हणजे ५० कला (६० कलांचा एक अंश), धरायचे राहिले म्हण: ३४ कला हवेतल्या वक्रीभवनाच्या (किरण वाकण्याच्या), १६ कला अर्ध्या बिंबाच्या. बिंबाची वरची कड दिसली की सूर्योदय धरायचा.

समुद्रसपाटीपासूनची उंची मात्र घालू नकोस. बेळगावचे साडेसातशे मीटर घातले तर सूर्योदय तीन-चार मिनिटं आधी सरकतो, पण आपण पठारावर, क्षितिजही तेवढंच उंच.

पुजारीकाका पंचांग काढून वाद घालतीलच. मराठी असो की कन्नड, त्यात सूर्योदय कुठल्या गावचा छापलाय ते आधी बघ. सोलापूरचा असला तर आपल्यापेक्षा सहाएक मिनिटं आधीचा. काही पंचांगकर्ते बिंबाचा मध्य धरतात आणि वक्रीभवन सोडतात, तिथं आणखी तीन-चार मिनिटांचा फरक. काकांचं चूक नाही आणि तुझंही.

फेब्रुवारी-नोव्हेंबरचे आकडे पाठव. खानापूरचेही काढून ठेव, तिथल्या देवळालाही असाच बोर्ड हवाय.

तुझा,
विनू