बारीक तारेचं काहीतरी करा : इंदूरच्या महापौरांना खुले पत्र

माननीय महापौर, इंदूर महानगरपालिका,

सा. न. वि. वि.

आपल्या कचरागाडीला सहा कप्पे आहेत. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरगुती घातक आणि ई-कचरा. धातूचा कप्पा नाही, आणि त्यावाचून कुणाचं अडतही नाही. बीडाचा फुटका तवा, पत्र्याचा डबा, जर्मनचं पातेलं गाडी येण्याआधीच अटालेवाल्याच्या, म्हणजे भंगारवाल्याच्या, तराजूत गेलेलं असतं. २०१७ पासून सलग सात वेळा शहर स्वच्छतेत पहिलं आलं. त्या सत्कारांत हा माणूस कुठे दिसला नाही, असो.

सांवेर रोडवर माझं मोटर-रिवाइंडिंगचं वर्कशॉप आहे. गव्हाला पाणी द्यायच्या दिवसांत माळव्यातले जळके पंप माझ्याकडे येतात आणि त्यांतलं जुनं वाइंडिंग, म्हणजे तांब्याच्या तारेचे वेढे, भंगारात जातं. त्यामुळे हा धंदा जवळून बघतो. लोखंडाचं बरं चाललंय, ते भट्टीत जातं. एक टन भंगारामागे सुमारे १.१ टन लोहखनिज आणि ६३० किलो कोकिंग कोळसा वाचतो, असं केंद्राच्या २०१९ च्या भंगार धोरणातच म्हटलंय.

घोडं अडतं ते तांब्यावर, त्यातही बारीक तारेवर. जाड केबल ब्लेडने सोलता येते. चार्जरची, टेलिफोनची, गाडीतल्या वायरिंगची तार सोलत बसलं तर दिवसाची मजुरी सुटत नाही. मग अंधार पडला की शहराबाहेरच्या एखाद्या रिकाम्या प्लॉटवर गठ्ठा पेटतो. तारेवरच्या पीव्हीसी प्लास्टिकमध्ये वजनाने निम्म्याहून जास्त क्लोरीन असतो. ते जळताना तांबंच उत्प्रेरक ठरतं आणि डायऑक्सिन नावाचे विषारी पदार्थ तयार होतात. जुन्या तारांच्या आवरणात शिसंही असतं, ते राखेबरोबर मातीत जातं. एवढं करून जळक्या तांब्याला भाव कमीच! हौसेने कुणी जाळत नाही हो.

चलान फाडून हे थांबणार नाही, फार तर प्लॉट बदलेल. यावर ग्रॅन्युलेटर नावाचं यंत्र मिळतं. ते तारेचा चुरा करतं आणि खालून हवेचा झोत सोडलेल्या थरथरत्या जाळीवर तांबं आणि प्लास्टिक वेगळं काढतं. काही जाळावं लागत नाही. मात्र गल्लीतल्या दुकानदाराच्या आवाक्यातलं ते नाही. महापालिकेने एक शेड आणि एक यंत्र द्यावं, गिरणीत दळणाचे देतो तसे किलोमागे पैसे घ्यावेत. लोक देतील, कारण स्वच्छ तांब्याच्या वाढीव भावातून ते निघतात.

एक विनंती. शेडमध्ये पोतं घेऊन आलेल्याला दारातच जीएसटी नंबर विचारू नका. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्याकडून भंगार घेतलं, तर कर नोंदणीकृत खरेदीदारानेच भरायचा असतो. तेव्हा पोतंवाल्याला त्यासाठी अडवायचं कारण नाही.

बैठक बोलावलीत तर चार-सहा भंगारवाल्यांना मी घेऊन येतो. फक्त अमावास्या नको, त्या दिवशी कामगार सुट्टीवर असतात आणि शेठ लोक दुकान सोडत नाहीत.

आपला,
सांवेर रोडवरचा एक रिवाइंडिंगवाला