बाबांच्या डोळ्यातल्या लेन्सबद्दल

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून लिहून पाठवते आहे. आई, हा कागद आरशाशेजारी लावून ठेव.

बाबा, नागिणीने तुमच्या कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या, नसा बधिर झाल्या आहेत. या नसा वरच्या पेशींना पोसतातही, म्हणून तिथली जखम दोन आठवडे उलटूनही भरली नाही. नव्या पेशींची थोडी साय धरते न धरते तोच पापणी घासून ती निघते. स्क्लेरल लेन्स कडक असते आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते. जखमेवर दोन-तीन कागदांच्या जाडीएवढी फट राहते आणि त्या फटीत दिवसभर सलाईन असतं. पापणी लेन्सवर फिरते, जखमेला लागत नाही.

आई, हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे कर. लेन्स मोठ्या प्लंजरवर (लेन्स धरायच्या रबरी चोषकावर) ठेवून प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या सलाईनने काठोकाठ, वर फुगवटा येईल इतकी भर. बाबांनी टेबलावर वाकून चेहरा जमिनीला समांतर धरायचा. तू दोन्ही पापण्या ताणून धर आणि लेन्स सरळ वर ने. मग टॉर्चने बघ. बुडबुडा दिसला तर काढून पुन्हा भर, कारण बुडबुड्याखालची जखम सुकते. कंटाळा करू नकोस, सुरुवातीला चार-चारदा करावं लागतं. सलाईनची व्हायल एकदाच वापरायची, उरलेलं फेकायचं. ड्रिपची उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवून वापरायची नाही. नळाचं पाणी तर लेन्सला लागूच देऊ नकोस, त्यातल्या अमिबाने डोळा जाऊ शकतो.

काढताना खरी काळजी हवी. आधी सलाईनचे दोन थेंब घाल, मिनिटभर थांब. मग छोटा प्लंजर ओला करून लेन्सच्या खालच्या कडेला लाव आणि कड उचल. मधोमध लावून ओढलंस तर आत पोकळी तयार होते आणि नवी साय सोलून निघते.

रात्री लेन्स ठेवायची की नाही हे डॉक्टरच ठरवतील. ठेवायला सांगितली तरी रोज एकदा काढून, स्वच्छ करून, नव्याने भरायचीच. त्यांनी अँटिबायोटिकचा थेंब आत घालायला सांगितला, तर त्या बाटलीवर बेन्झाल्कोनियम हे प्रिझर्व्हेटिव्ह लिहिलेलं नाही ना ते वाचून घे. एरवी थेंब अश्रूंबरोबर वाहून जातो, इथे तो तासन्‌तास जखमेला लागून राहतो.

बाबा, तुमचा डोळा दुखणार नाही. म्हणूनच मला धास्ती वाटते. जंतुसंसर्ग झाला तरी तुम्हाला कळणार नाही, तो आईलाच दिसायला हवा. लाली वाढली, बुबुळावर पांढरा ठिपका आला, चिपडं वाढली किंवा नजर आणखी धूसर झाली, तर लेन्स काढा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. लेन्स तिच्या डबीसकट सोबत न्या, जंतू कोणते ते त्यावरून तपासता येतं.

जखम भरली असं डॉक्टरांनी सांगितलं तरी लेन्स आपल्या मनाने बंद करू नका. नवी साय खाली घट्ट चिकटायला आणखी कित्येक आठवडे लागतात.

आई, रोज सकाळी डोळ्यात लेन्स नसताना त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात डोळ्याचा फोटो काढून पाठव.

तुमची,
मनू