बेझदानचा शिक्का

दिवाळे कोळीवाडा, बेलापूर

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

तुझा डॅन्यूब नदीचा बेत आईनं दोन दिवस माझ्यापासून लपवला. रविवारी बोंबील साफ करताना सांगितला, विळी तिच्या हाताखाली असताना मी आवाज चढवणार नाही म्हणून. नाहीच चढवला.

जर्मनीतल्या उल्मपासून सर्बियातल्या बेलग्रेडपर्यंत, कायाकनं, तिघी मैत्रिणी. पाण्याची भीती मी तुला काय घालणार? नऊ वर्षांची होतीस, काकाच्या होडीत ओहोटीनं आपल्याला गाळात बसवलं, तर भरती येईपर्यंतचे चार तास तू निवट्या मोजत होतीस. तिथं तर ना भरती ना ओहोटी, पाणी आपलं एकाच दिशेनं.

मला काळजी कागदांची. 31 वर्षं न्हावाशेव्याला क्लिअरिंगचे कागद करण्यात गेली. एका आकड्याच्या चुकीनं कंटेनर अकरा दिवस अडकलेला मी पाहिलाय, आणि माल आतमध्ये अगदी चोख होता.

व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा, बुडापेस्टपर्यंत सगळं शेंगेन, म्हणजे आपसातल्या हद्दींवर तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांचा गट, तिथं सहसा कोणी विचारत नाही. म्हणूनच माणूस सैल पडतो. खरी हद्द हंगेरीच्या दक्षिणेला आहे. मोहाच गावी थांबून बाहेर पडतानाची तपासणी करून घ्यायची, पुढे सर्बियात बेझदानला आत आल्याचा शिक्का घ्यायचा. कायाक एवढीशी, कुणाला दिसायची नाही, असं त्या जर्मन पोरीनं म्हटलं तर तिच्याकडे लक्ष देऊ नकोस. तिचा पासपोर्ट वेगळा, तुझा वेगळा. भारतीयांना सर्बियात बिनव्हिसा जायची सोय 1 जानेवारी 2023 पासून बंद झाली. तुझ्या जर्मन रहिवासी कार्डावर चालतं म्हणतेस, तर तेच वकिलातीकडून लेखी घे. तोंडी उत्तर चौकीवर दाखवता येत नाही.

बेझदाननंतर तर आणखी गंमत. उजवा काठ क्रोएशिया, डावा सर्बिया. क्रोएशिया 2023 साली शेंगेनमध्ये गेला, म्हणजे मोहाचला तपासणी करून बाहेर पडल्यावर उजव्या काठावर तंबू ठोकलास की परवानगीशिवाय परत आत शिरलीस. त्यात नदीनं पात्र बदललंय, जुनी हद्द भलत्याच वळणांत राहिलीय, आणि काही तुकड्यांवरून दोन्ही देशांचा वाद अजून चालू आहे. आपल्याकडे बांध आणि सातबारा जुळत नाहीत, तसंच. वाळूचं छान बेट दिसलं तरी तिथं मुक्काम करू नकोस. डाव्या काठावरची गावं आधीच हेरून ठेव.

तुझ्या उल्महूनच ऑस्कर श्पेक नावाचा माणूस 1932 साली घडीच्या कायाकमध्ये बसून निघाला होता. सायप्रसला खाणीत काम मिळेल म्हणून निघाला आणि भारताचा किनारा धरून थेट ऑस्ट्रेलियाच्या टोकाला पोचला. सात वर्षं लागली. पोचला तो सप्टेंबर 1939 मध्ये. तोवर महायुद्ध पेटलं होतं, जर्मन म्हणून त्याला छावणीत टाकलं, ते युद्ध संपेपर्यंत. माणूस तोच होता, त्याच्या पासपोर्टाचा अर्थ तेवढा बदलला होता.

एवढ्या लांब कशाला, आईचा सातपाटीचा मावसभाऊ आठव. गुजरातच्या बोटीवर खलाशी होता. इंजिन बंद, जाळं प्रवाहाबरोबर वाहत गेलं आणि जाळ्यामागे बोट. गस्तीवाल्यांनी उचललं, चौदा महिने कराचीच्या तुरुंगात. तो परत आला तेव्हा त्याची धाकटी त्याला ओळखेना. तांडेलाकडे, म्हणजे बोटीच्या म्होरक्याकडे, आपण नेमके कुठं होतो हे दाखवायला काहीच नव्हतं. म्हणून सांगतो, जीपीएसची नोंद रोज साठवत जा.

पासपोर्ट जलरोधक पिशवीत, ती पिशवी अंगावर, कायाकच्या पोटात नव्हे. कायाक उलटली तर ती वाहून जाते. आत एक कोरडं फडकं ठेव. पावसाळ्यात आम्ही बिलं दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घालायचो, तरी आतून घाम धरायचा आणि शाई पसरायची.

आणखी एक. त्या नदीवरचे किलोमीटर समुद्राकडून मोजतात, म्हणजे पुढे जाशील तसे पाट्यांवरचे आकडे कमी होत जातील. मी इथं नकाशा छापून भिंतीला लावलाय. रोज संध्याकाळी फक्त पाटीवरचा आकडा कळव, बाकी काही लिहू नकोस, दमलेली असशील. बेझदानला मात्र शिक्क्याचा फोटो पाठव. तारीख नीट उठलीय का ते मी बघीन.

आई विचारते, लाइफजॅकेट कुणाकडून उसनं घेतलंस की नवीन?

तुझा,
बाबा