पुढच्या जुलैसाठी

म्युनिक
२८ जुलै

प्रिय आई, बाबा,
सा. न.

परवा फोनवर आईने दहा प्रश्न विचारले आणि बाबांनी एकही विचारला नाही. "मजा आली ना, बास," म्हणून फोन परत आईकडे. नंतर आई हळूच म्हणाली की गुडघ्यामुळे अजिंक्यताऱ्यावर जाणं बंद झाल्यापासून घरात डोंगराचा विषयच निघत नाही. म्हणून फोन न करता हे लिहायला बसलेय. बाबांनी शेवटपर्यंत वाचायचं आहे, मधली पानं उलटायची नाहीत.

आधी आईच्या प्रश्नांची उत्तरं.

एकटी नव्हते, ऑफिसातली मैत्रीण बरोबर होती. आम्ही गेलो ते डोलोमाइट्समध्ये, इटलीच्या उत्तरेला. म्युनिकहून रेल्वेने ब्रेनरचा घाट ओलांडायचा, पुढे छोटी गाडी, मग बस, आणि बस एका हिरव्यागार तळ्यापाशी सोडते. तळ्याचं नाव ब्राएस. तिथून दक्षिणेला बेलुनो शहरापर्यंत 'आल्ता व्हिया १' नावाची पायवाट जाते, साधारण १२० किलोमीटर. आम्ही पूर्ण केली नाही. चिवेट्टा नावाच्या डोंगराखालून उतरून बस पकडली, कारण रजा संपत आली होती आणि मैत्रिणीच्या टाचा सोलवटल्या होत्या.

बाबा, ते तळंच जवळजवळ १५०० मीटरवर आहे. म्हणजे डबा उघडायच्या आत आम्ही कळसूबाईची उंची मागे टाकली होती! पण कळसूबाईला दम लागतो तितकाच इथेही लागतो, उंचीचा आकडा ऐकून घाबरण्यात अर्थ नाही. वाट आखलेली, दगडांवर लाल-पांढरे पट्टे, फाट्यावर पाट्या. पाटीवर किलोमीटर नसतात, तास लिहिलेले असतात. ते तास ठणठणीत माणसाचे असतात, त्यात फोटो आणि आलेपाकाची वडी धरलेली नसते. (आई, वड्या तिसऱ्या मुक्कामापर्यंत पुरल्या. एका इटालियन आजोबांना एक दिली, त्यांनी ती औषध समजून पाण्याबरोबर घेतली.)

झोपायचं कुठे? तंबू नव्हता. दर तीन-चार तासांच्या चालीवर रिफुजिओ असतो, दगडी किंवा लाकडी, दोन-तीन मजल्यांचं घर. काही तिथल्या गिर्यारोहण संघाचे, काही खाजगी, पिढ्यान्‌पिढ्या एकाच कुटुंबाने चालवलेले. जूनच्या अखेरीला उघडतात, सप्टेंबरात बंद होतात. सज्जनगडावर महाप्रसादाची वेळ ठरलेली असते आणि शेजारी कोण बसेल ते आपल्या हातात नसतं, तसंच इथे. साडेसहा-सातला सगळे लांब बाकांवर, आणि समोर जो येईल तो तासाभरापुरता आपला पाहुणा. फरक एवढाच की प्रसाद फुकट नाही. झोपणं, रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी मिळून माणशी ७० ते ९० युरो जातात. तुझा चेहरा दिसतोय आई मला. पण बऱ्याच ठिकाणी सामान मालवाहू रोपवेने नाहीतर हेलिकॉप्टरने वर येतं, हे पाहिल्यावर मी कुरकुर बंद केली.

दारातच बूट काढायचे, आतले स्लिपर घालायचे. ही एकच गोष्ट सांगितली तरी तुला ती माणसं आवडतील. खोल्या मागितल्या तर मिळतात, नाहीतर सामायिक दालन, एकावर एक पलंग, बायका-पुरुष एकत्र. पहिल्या रात्री अवघडल्यासारखं झालं, दुसऱ्या रात्री घोरण्याने काही वाटेनासं झालं. ब्लँकेट त्यांचं, पण आपली पातळ कापडी पिशवी न्यावी लागते, तिच्यात शिरून झोपायचं, म्हणजे त्यांना रोज चादरी धुवाव्या लागत नाहीत. दहाला दिवे बंद. आंघोळ म्हणशील तर पैसे भरून टोकन घ्यायचं आणि मोजकी मिनिटं गरम पाणी. इथला खडक चुनखडीच्या जातीचा, पाऊस पडला की पाणी आत मुरून जातं, वर ओढा नाही की विहीर नाही. त्यामुळे उंचावरच्या रिफुजिओंत पाणी तोलूनमापून वापरतात. तू ज्या डोळ्यांनी टँकरची वाट बघतेस ना, ते डोळे मला त्या स्वयंपाकघरात दिसले.

शाकाहारी मिळतं, फक्त आधी सांगायचं. पालकाचे शिळ्या पावात मळलेले गोळे लोण्यात घोळून देतात, ते फार छान. पोलेंटा म्हणजे मक्याच्या रव्याचा घट्ट गोळा, वर चीज. जवाचं सूप बघून भुलायचं नाही, त्यात बहुतेक वेळा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात.

भीती कसली असेल तर दुपारच्या विजांची. जुलैत दुपारनंतर ढग जमतात आणि तासाभरात गडगडाट सुरू होतो, म्हणून सगळे सकाळी सातला निघतात आणि दोनपर्यंत छपराखाली पोचतात. प्रत्येक मुक्कामी वहीत नाव, कुठून आलो आणि उद्या कुठे जाणार हे लिहायचं. कोणी पोचलं नाही तर शोध कुठून सुरू करायचा ते त्यावरून कळतं. शिवाय इथल्या गिर्यारोहण संघाची मी सभासद आहे, वर्गणीतच सुटकेचा विमा येतो. आणि हो, मार्मोलादावरची हिमनदी कोसळून ११ माणसं गेली, ती २०२२ च्या ३ जुलैची बातमी तू विसरलेली नसशील. तो डोंगर आम्हांला रोज समोर दिसत होता. आमची वाट कुठल्याच हिमनदीवरून जात नाही. लांबून बघायचा आणि पुढे जायचं.

आता बाबा, तुमच्यासाठी.

फानेस नावाच्या पठारावर मुक्काम होता. गवताळ पठार, मधून झरे, बिळातून मार्मोट, म्हणजे खारीच्या जातीचे मांजराएवढे प्राणी, शिट्ट्या मारतात. तिथल्या लादिन लोकांची जुनी कथा आहे की फानेसच्या राज्याचा मार्मोटांशी करार होता, आणि राज्य बुडालं तेव्हा उरलेली माणसं त्यांच्याबरोबर जमिनीखाली गेली, ती अजून वाट बघतायत. दगडांत गाईच्या खुरांएवढे ठसे दिसतात, ते शिंपल्यांचे. हा सगळा प्रदेश वीसेक कोटी वर्षांपूर्वी उथळ, उबदार समुद्राचा तळ होता. आपला सह्याद्री लाव्हाचा आणि साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे याच्यापुढे पोरच. पण दगड म्हणून मला आपलाच आवडतो. हा पांढरा दगड पायाखाली सुटतो, काळा कातळ दगा देत नाही.

तर त्या फानेसला एक जोडपं भेटलं. दोघंही सत्तरीच्या पुढचे, आजोबांच्या एका गुडघ्यावर शस्त्रक्रिया झालेली, दोघांच्या हातात दोन-दोन काठ्या. मी मनात म्हटलं, हे गाडीने आले असणार. छे! ते आमच्याच तळ्यापासून, आमच्याच वाटेने चालत आलेले. आम्ही एका दिवसात रिफुजिओ ते रिफुजिओ असे दोन टप्पे कापत होतो, ते एकच कापायचे. सकाळी तीन तास चालायचं, दुपारी पाय वर करून वाचत बसायचं. पाठीवर सहा किलोसुद्धा नाही, कारण तांदूळ, स्टो, अंथरूण, तंबू यातलं काहीच लागत नाही. उतार तीव्र असेल तिथे बस किंवा रोपवे. त्याची लाज नाही, उलट आजींनी कुठे कुठे पाळणा आहे याची यादीच काढलेली होती.

मला तुमची आठवण आली ती तिथे, शिखरांवर नाही. तुमची पाठपिशवी आठवली. राजगडला जाताना तुम्ही सगळ्यांचं सामान स्वतःकडे घ्यायचात. डॉक्टरांनी गुडघ्यांना ओझं आणि पायऱ्या नको म्हटलं आणि तुम्ही त्याचा अर्थ डोंगर नको असा घेतलात. मला ते पटत नाही. डॉक्टरांनाही पटेल असं वाटत नाही, तुम्ही त्यांना तसं विचारलेलंच नाही ना?

लागात्झुओई नावाचा रिफुजिओ आहे २७५२ मीटरवर. आम्ही तिथे मागच्या बाजूने, घाम निथळेपर्यंत चढून पोचलो. आणि वर पोचतो तर समोर एक आजी, पांढऱ्या बुटांत, कॉफी पीत. फाल्झारेगो खिंडीतून थेट रोपवे येतो, काही मिनिटांत वर, आणि स्टेशनपासून रिफुजिओ अगदी जवळ. दिवसा गर्दी असते, पण शेवटचा पाळणा खाली गेला की फक्त मुक्कामाची माणसं उरतात. संध्याकाळी खडक आधी पिवळे, मग गुलाबी, मग जांभळे होतात. गॅलरीत खुर्च्या आहेत. एक पाऊलही न चालता दिसतं ते.

आणि तुमच्या आवडीचा विषय तर पायाखालीच आहे. १९१५ ते १९१७ इथे इटली आणि ऑस्ट्रियाची आघाडी होती. वर ऑस्ट्रियन, खालच्या कड्यातल्या अरुंद पट्टीवर इटालियन, आणि दोघांनी डोंगर आतून पोखरून एकमेकांखाली सुरुंग उडवले. सुरुंगांनी पडलेली खिंडारं अजून दिसतात. ती भुयारं हेल्मेट आणि दिवा घेऊन उतरता येतात. तुम्हांला उतरू देणार नाही, पायऱ्या ओल्या आणि उंच आहेत. पण समोरच चिंक्वे तोर्री, म्हणजे पाच सुळके, तिथे खुर्चीच्या रोपवेने जाता येतं आणि खंदक, तोफांच्या जागा, सैनिकांच्या खोल्या उघड्यावर जपलेल्या आहेत. वाट सौम्य आहे. तुम्ही तिथे दोन तास रमाल आणि आई एका दगडावर बसून कंटाळेल, तर तिच्यासाठी शेजारच्या रिफुजिओत सफरचंदाचा स्ट्रुडेल आहे.

तिथूनच वर नुव्होलाऊ नावाचा रिफुजिओ दिसतो, शिखराच्या टोकावर बांधलेला, २५७५ मीटर. या भागातला सगळ्यात जुना, १८८३ चा. जर्मनीतल्या सॅक्सनीचा एक कर्नल आजारी होऊन इथल्या कोर्तिना गावात आला होता, इथल्या डोंगरांत बरा झाला, आणि कृतज्ञता म्हणून त्याने या बांधकामाला पैसे दिले. पुढे पहिल्या महायुद्धात तो रिफुजिओ उद्ध्वस्त झाला, १९३० मध्ये परत उभा केला. त्या कर्नलचं दुखणं काय होतं ते काही कुणी सांगितलं नाही, गुडघा नसावा.

उंचीची काळजी करू नका. केदारनाथ ३५८३ मीटरवर आहे, आणि तिथे तुम्ही थंडीत रांगेत उभे राहून आला आहात. तरी आईचं बीपी आहे, तेव्हा दोघांनीही डॉक्टरांना विचारायचं. प्रश्न कागदावर लिहून न्यायचा: "२७५० मीटरवर एक रात्र, सपाट वाटेवर दोन तास, काठ्या घेऊन." "परदेशात ट्रेकला जाऊ का" असं विचारलंत तर ते नाहीच म्हणणार.

माझा बेत असा. जुलैचा पहिला पंधरवडा, तसाही साताऱ्यात तेव्हा नुसता पाऊस. तुम्ही म्युनिकला या, चार दिवस झोप नीट होऊ दे. मग गाडीने तोब्लाखला, तिथून बसने कोर्तिना, एक रात्र हॉटेल. दुसऱ्या दिवशी चिंक्वे तोर्री. तिसऱ्या दिवशी रोपवेने लागात्झुओई आणि तिथे मुक्काम, सामायिक दालनात नाही, स्वतंत्र खोलीत. ती खोली आतापासून धरावी लागते, हिवाळ्यातच भरून जाते. म्हणून दिवाळीपर्यंत मला हो-नाही कळायला हवं.

आई, एक तुझ्यासाठी वेगळं. बाबा दर रविवारी गडावर जायचे आणि तू पहाटे चारला उठून भाकऱ्या थापायचीस, पोहे, लसणाची चटणी, सगळ्यांच्या बाटल्या. पुढे मलाही न्यायला लागले, तरी डबे तूच भरायचीस. तू राजगड कधी बघितलाच नाहीस, हे मला या वाटेवर, कुणीतरी वाढलेलं आयतं जेवताना लक्षात आलं. डबा न भरता डोंगरावर जाण्याचा हक्क या घरात पहिला तुझा आहे. म्हणून बाबांचं काय म्हणणं आहे ते विचारून मला कळवू नकोस. ते काय म्हणतील ते मला माहीत आहे, दोन आठवडे नाही म्हणतील आणि मग भूगोलाचं पुस्तक काढतील. तुला यायचं आहे का, तेवढं सांग.

तुझ्या पासपोर्टची मुदत मला वाटतं पुढच्या मार्चमध्ये संपते. पुण्याला जाऊन अर्ज आत्ताच टाक, व्हिसाला वेळ लागतो. पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो पाठव. बूट तिथे घेऊ नका, इथे पाय मोजून घेऊ.

तुमची,
मनू